स्कायडायव्हिंग फोटोग्राफी: आधी हेल्मेट, मग लेन्स, शेवटी कॅमेरा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू नाशिकला लग्नांची फोटोग्राफी करतेस. फुल-फ्रेम बॉडी आणि २४-७० एफ २.८ लेन्स हाताशी आहे. थायलंडमध्ये उड्या शिकलीस, दोनशेचा टप्पा ओलांडून सी लायसन्स मिळवलंस. आता मित्रमंडळींचे फ्रीफॉलमधले, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी खाली येतानाचे, फोटो काढायचे आहेत आणि पुढेमागे टँडमचं, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून उडी मारणाऱ्या पाहुण्यांचं, कामही करायचं आहे. आहे तोच कॅमेरा हेल्मेटवर बसवता येईल का, नाहीतर कोणता घ्यावा?

तो कॅमेरा आणि ती लेन्स जमिनीवरच राहू दे. दोन्ही मिळून वजन दीड किलोच्या आसपास जातं. एरवीचं, नीट झालेलं पॅराशूट उघडतानाही अंगावर तीन-चार जी येतात, म्हणजे मानेला तो दीड किलो पाच-सहा किलोसारखा जाणवतो, आणि तोही डोक्याच्या वर, तरफेच्या टोकाला. उघडणं दणक्याचं झालं तर आकडा याहून पुष्कळ वर जातो. माझ्या ओळखीचे काही जुने कॅमेरा फ्लायर आज मान पूर्ण वळवू शकत नाहीत. त्यांच्या तरुणपणी हलका कॅमेरा मिळतच नव्हता. आज मिळतो, तेव्हा ती किंमत मोजायची गरज नाही.

आणि तू प्रश्न कॅमेऱ्यापासून सुरू केलास. सगळेच तसं करतात. मी मात्र प्रत्येकाला हा क्रम उलटा करायला लावतो. पहिल्यांदा हेल्मेट ठरव, मग त्यावरची बांधणी, मग लेन्स, मग स्विच, आणि या सगळ्यात बसेल ती बॉडी. कारण या साखळीत रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूटच्या वाटेत येऊ शकणारी वस्तू हेल्मेट आहे. फोटो बिघडला तर पुढच्या लोडला, म्हणजे विमानाच्या पुढच्या फेरीला, दुसरा काढता येतो.

आधी उड्यांच्या संख्येबद्दल. अमेरिकेच्या यूएसपीए या स्कायडायव्हिंग संघटनेचा सल्ला असा की कॅमेरा घेण्याआधी सी लायसन्स, म्हणजे किमान २०० उड्या हव्यात आणि ज्या रिगवर (पाठीवरच्या पॅराशूटच्या संचावर) कॅमेरा नेणार त्याच रिगवर अलीकडच्या किमान ५० उड्या झालेल्या असाव्यात. दुसरा भाग लोक सोयीने विसरतात. तू भाड्याच्या रिगवर, दर ट्रिपला वेगळ्या कॅनोपीखाली (पॅराशूटच्या छत्रीखाली) उड्या मारत असशील तर दोनशे हा आकडा तुझ्यासाठी अजून पुरा झालेला नाही. आणि हे छोट्या गोप्रोलाही लागू आहे. लाइन, म्हणजे पॅराशूटची दोरी, अडकायला मोठा कॅमेरा लागत नाही, दोन बोटांची फट पुरते.

आता हेल्मेट. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

धोका नेमका कसा होतो ते डोळ्यांसमोर आण. पायलट शूट, म्हणजे मुख्य पॅराशूट बाहेर खेचणारी छोटी छत्री, टाकताना अंग थोडं कललेलं आहे. ब्रायडल (तिचा पट्टा) किंवा एखादी लाइन पाठीवरून सरळ वर जायच्या ऐवजी डोक्याशेजारून जाते आणि कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात अडकते. मेन, म्हणजे मुख्य पॅराशूट, नीट उघडत नाही. तू मेन सोडून देणारं कटअवे हँडल ओढतेस, रायझर (मेनला खांद्याशी जोडणारे पट्टे) सुटतात, पण मेन अजून तुझ्या डोक्याला लटकलेलंच आहे, आणि त्यातून आता रिझर्व्हला वाट काढायची आहे. म्हणून कॅमेरा हेल्मेटवर दोन गोष्टी लागतात. एक, मुळात काही अडकू नये असा आकार. दोन, अडकलंच तर एका हाताने, एका झटक्यात हेल्मेट सोडता येईल असा हनुवटीचा कटअवे. टोनफ्लाय आणि बोनहेड या कंपन्यांच्या स्थिर-कॅमेऱ्यासाठी (फोटोच्या कॅमेऱ्यासाठी) बनवलेल्या हेल्मेटांना अशी सोय मिळते, घेताना नेमक्या मॉडेलचं तपासून घे. कुकीची बंद तोंडाची हेल्मेटं छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यासाठी छान आहेत, पण वर स्थिर कॅमेरा आणि डोळ्यासमोर साइट, म्हणजे नेम धरायची छोटी काच, लावायची तर उघड्या तोंडाचं, वर सपाट बैठक असलेलं हेल्मेट बरं पडतं.

तो हनुवटीचा कटअवे घरी सोफ्यावर बसून ओढून पाहिला म्हणजे सराव झाला असं नाही. हातमोजे घालून, उजव्या हाताने, डाव्या हाताने, डोळे मिटून, आणि शक्य तर ड्रॉपझोनवरच्या (उड्यांच्या तळावरच्या) ट्रेनिंग हार्नेसमध्ये लटकून ओढ. हेल्मेट आधी सोडायचं, मग मेन, मग रिझर्व्ह, हा क्रम आणि त्यासाठी किमान किती उंची शिल्लक हवी, हे तुझ्या इन्स्ट्रक्टरशी बसून ठरव आणि ठरवलं ते घोट.

आकाराची चाचणी सोपी आहे. रिगरकडून, म्हणजे पॅराशूट तपासून दुरुस्त करणाऱ्याकडून, जुनी, काढून टाकलेली लाइन मागून घे. हेल्मेट सगळ्या सामानासकट डोक्यावर चढव, स्टुलावर बस, आणि मैत्रिणीला ती लाइन सगळीकडून ओढायला सांग: मागून पुढे, कानाखालून वर, लेन्सच्या मानेभोवती, साइटच्या दांड्याभोवती. जिथे लाइन थांबली तिथे काम बाकी आहे. कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कड्या काढून टाक. लेन्सचं हूड काढ. फ्लॅशच्या खाचेवर टेप. बॉडी आणि हेल्मेटमधली फट फोमने किंवा इपॉक्सी पुट्टीने भरून वरून गॅफर टेप. गोप्रोचं पेटीत येतं ते उंच बकल हेल्मेटवर लावूच नको. त्याच्या मानेतच लाइन जाऊन बसते. हेल्मेटला चिकटून बसणारे बुटके माउंट मिळतात, तेच घे.

बॉडी बसवताना तळाच्या एका स्क्रूवर भरवसा ठेवू नको. विमानाची थरथर आणि ताशी १९० किलोमीटरचा वारा यात एकटा स्क्रू हळूहळू फिरतो. प्लेटला मागून किंवा बाजूने दुसरा आधार हवा, स्क्रूच्या आट्यांवर निळं लॉकटाइट हवं, आणि रोज सकाळी पहिल्या लोडआधी बोटांनी प्रत्येक स्क्रू तपासायला हवा. चार किलोमीटरवरून निसटलेला अर्ध्या किलोचा कॅमेरा खाली कुणाच्या घरावर पडेल, याचा विचार कर. कॅमेऱ्याला दोरी बांधून ठेवावी का, असं नवे लोक विचारतात. माझं मत नाही असं आहे. दोरीला लोंबकळणारा कॅमेरा हा मघाच्या धोक्याचाच आणखी वाईट प्रकार आहे. बांधणीच पक्की कर.

वजन मध्यावर ठेव. स्थिर कॅमेरा डोक्याच्या वर मधोमध आणि व्हिडिओचा छोटा कॅमेरा कपाळाजवळ किंवा बाजूला अगदी चिकटून, ही माझी पसंती. एकाच कानावर सगळं वजन आलं की उघडताना मान पिळवटते. हेल्मेट डोक्याला घट्टच हवं: डोकं हलवल्यावर गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. सैल हेल्मेटमधून कितीही महागड्या कॅमेऱ्याने फोटो काढ, ते हललेलेच येतील.

याच्याच जोडीला कॅनोपी. कॅमेरा घेणाऱ्याने हळू आणि सरळ उघडणारी कॅनोपी निवडावी, लाइन्सची झीज रिगरकडून वेळेवर तपासून घ्यावी आणि पॅकिंग घाईत करू नये. उघडताना नजर क्षितिजावर, मान सरळ. कॅनोपी कशी उघडते ते पाहायला डोकं मागे टाकण्याची सवय असेल तर ती कॅमेऱ्याआधीच मोडायला हवी.

आता लेन्स, आणि इथे थोडं गणित करू, कारण लेन्सची निवड तुझ्या उडण्याच्या कौशल्यावर ठरते.

हलक्या बॉडीतला एपीएस-सी सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान, साधारण २२ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर १८ मिलिमीटरची लेन्स लावलीस की तीन मीटरवर तुझ्या चौकटीत सुमारे ३.७ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच भाग मावतो. पोटावर उडणारी एक व्यक्ती किंवा हातात हात धरलेले दोघं त्यात आरामात बसतात आणि चौकट सांभाळताना चुकलीस तरी कडेला जागा उरते. आता १० मिलिमीटरची लेन्स घे. चार मीटरवरून तिच्यात जवळजवळ नऊ मीटर रुंदी येते. मैत्रीण आकाशात ठिपक्यासारखी दिसेल. १० मिलिमीटरचा तो जबरदस्त फोटो, ज्यात हात अंगावर येतो आणि मागे अख्खं क्षितिज वाकलेलं दिसतं, तो दीड मीटरवरून काढलेला असतो. दीड मीटरवर, कुणालाही धक्का न लावता, त्याच वेगाने मिनिटभर टिकून राहता येतं का, हा खरा प्रश्न आहे. दोनशे-तीनशे उड्यांवर बहुतेकांना येत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

म्हणून सुरुवात १६ ते १८ मिलिमीटरने. साधी १८-५५ किट लेन्स १८ वर लावून झूमची रिंग गॅफर टेपने जखडून टाकलीस तरी चालेल. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एलॉयच्या ड्रॉपझोनवर मी ज्यांच्याकडून हे काम शिकलो त्यांच्यापैकी कित्येकांच्या डोक्यावर हीच लेन्स होती. पुढे टँडम करू लागलीस की कॅननची १०-१८ मिलिमीटर घे. वजन २४० ग्रॅम, आणि तोवर तुला जवळ जाता येत असेल. सोनीची १६ मिलिमीटरची चपटी लेन्स तर ६७ ग्रॅमची आहे. कडा थोड्या मऊ येतात, पण मानेला तिचं ओझं कळतच नाही.

लांब लेन्स कुणी वापरतच नाही असं नाही. २००६ च्या फेब्रुवारीत थायलंडच्या उडोन थानीला ४०० जणांनी आकाशात एकमेकांना धरून विक्रम केला. तसली रचना अख्खी टिपायला फोटोग्राफर कितीतरी वर आणि लांब असतो, तिथे हिशेब वेगळा. तुला सध्या त्याची गरज नाही.

फोकस स्वतःच लावून ठेव. १८ मिलिमीटर, एपीएस-सी, एफ ८ या जोडीला हायपरफोकल अंतर साधारण २.१ मीटर येतं. तेवढ्यावर फोकस लावून रिंग टेपने जखडली की एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. एफ ५.६ वर तेच अंतर तीन मीटरच्या घरात जातं आणि जवळची हद्द दीड मीटरवर सरकते, म्हणून मी एफ ८ सोडत नाही. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस फ्रीफॉलमध्येही चेहरा धरतो हे खरं आहे, पण गॉगल, हेल्मेटची काच आणि समोर आलेला हात यात तो कधी फसेल ते सांगता येत नाही, आणि तुला मागचा पडदा पाहता येणार नाही. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: पुष्कळ मिररलेस लेन्समध्ये फोकसची रिंग विजेवर चालते. कॅमेरा बंद झाला किंवा झोपला की लावलेला फोकस विसरला जातो. विमान वर जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात कॅमेरा झोपतोच. अशी लेन्स असेल तर आपोआप बंद होण्याची सोय काढून टाक, आणि दार उघडण्याआधी एकदा खात्री कर.

बॉडीचं आता लवकर उरकतं. बॅटरीसकट ३५० ते ४५० ग्रॅम. तारेच्या रिमोटसाठी खाच. वरची मोडची चकती टेपने जखडता येईल अशी. कार्ड आणि बॅटरी हेल्मेटवरून बॉडी न सोडवता काढता येईल अशी. कॅननची २००डी मार्क टू ४४९ ग्रॅमची आहे, सोनीची ए६४०० ही ४०३ ग्रॅमची. जुनी कॅनन १००डी चांगल्या स्थितीत मिळाली तर तीही उत्तम, आमच्या क्षेत्रात ती फार लाडकी होती. वापरलेली बॉडी घ्यायला अजिबात कचरू नको. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात फिरलीस तर यातलं काही ना काही हाताला लागेल. रिमोटच्या खाचेकडे मात्र नीट बघ. काही नव्या छोट्या बॉडींमधून कंपन्यांनी ती काढून टाकली आहे आणि ब्लूटूथचा रिमोट तोंडात धरता येत नाही.

हो, तोंडातच. हात उडायला लागतात, म्हणून शटर तोंडाने चालवतात. दातांनी दाबायचा, जिभेने दाबायचा आणि फुंकर मारायचा असे तीन प्रकारचे स्विच मिळतात. कॉन्सेप्टसचा जिभेचा स्विच मला सर्वांत भरवशाचा वाटतो. दातांच्या स्विचवर घाबरलेला माणूस नकळत दात आवळतो आणि दारातच कार्ड भरून टाकतो. तार हेल्मेटच्या आतून ने, बाहेर जेमतेम तोंडापर्यंत पोचेल एवढीच ठेव, आणि जोड असा निवड की ओढल्यावर सुटून येईल. व्हिडिओसाठी त्याच कंपनीचा छोटा दिवा मिळतो. रेकॉर्डिंग चालू आहे की नाही ते डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत राहतं. टँडमच्या पाहुण्याची ती उडी आयुष्यात एकदाच होणार असते. दिव्याचे पैसे वाचवू नको.

साइट म्हणजे डोळ्यासमोर बसणारी छोटी काच, जिच्यात एकात एक वर्तुळं दिसतात. न्यूटन नावाची साइट सर्वांत जास्त पाहण्यात येते. ती जुळवण्याचं काम नवे लोक पाच मिनिटांत उरकतात आणि मग सगळ्या फोटोंत डोकी कापलेली असतात. खरं तर इथे एक अख्खी दुपार घालव.

भिंतीवर टेपची फुली मार. तिच्यापासून तीन मीटरवर जा. पण उभी राहून जुळवू नको. उडताना तू पोटावर असतेस, मान मागे उचललेली असते, आणि उभ्याने धरलेलं डोकं आणि उडताना धरलेलं डोकं यांत डोळ्याचा कोन वेगळा पडतो. टेबलावर पालथी झोप, उडतानाची कमान घे, हेल्मेटचा पट्टा नेहमीसारखा आवळ, आणि वर्तुळाचा मध्य फुलीवर आणून फोटो काढ. फुली फोटोच्या मध्यावर येईपर्यंत बॉडीखाली पातळ पाचर सरकवत राहा. कॅमेरा डोळ्यापेक्षा सुमारे अठरा सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे तीन मीटरवर जुळवलेलं दीड मीटरवर थोडं चुकेल. म्हणून ज्या अंतरावरून तू खरंच फोटो काढणार आहेस तिथेच जुळव. जुळलं की हेल्मेट काढ, परत घाल आणि पुन्हा फोटो काढून बघ. दुसऱ्यांदा फुली हलली तर हेल्मेट सैल आहे.

सेटिंग. मॅन्युअल मोड, शटर १/८००, एफ ८, आयएसओ ऑटो, वरची हद्द १६००. भर उन्हात आयएसओ २०० च्या आसपास बसतो. शटर इतकं वेगवान का, असं वाटेल. तू आणि समोरची व्यक्ती एकाच वेगाने खाली येत असता, म्हणून एकमेकांच्या हिशेबाने जवळजवळ स्थिरच असता. शटरची गरज वेगासाठी नाही, तुझ्या डोक्याला बसणाऱ्या वाऱ्याच्या धक्क्यांसाठी आहे, आणि कापडाच्या फडफडीसाठी. कापड मोकळं असेल तर १/१२५० पर्यंत जा. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली होती. असा प्रसंग तुझ्या वाट्याला आला तर काठ स्पष्ट यायला तेवढं शटर लागेल. इलेक्ट्रॉनिक म्हणजे मूक शटर बंद ठेव. डोकं हादरलं की त्यात क्षितिज तिरकं वितळल्यासारखं येतं. सलग फोटोंचा वेग सेकंदाला तीन ते पाच पुरतो.

आता प्रकाश. लग्नाच्या मांडवात तुला प्रकाशाची जी नजर आली आहे ती इथे कामाला येणार आहे. पोटावर उडणाऱ्या माणसाचा चेहरा जमिनीकडे असतो आणि सूर्य पाठीवर. भर दुपारी पाठ उजळते आणि चेहरा काळा पडतो, वर मागे झगझगीत आकाश. त्यामुळे सकाळचे आणि संध्याकाळचे लोड पकड, तेव्हा ऊन तिरकं येऊन चेहऱ्यापर्यंत पोचतं. खाली काय आहे तेही बघ. वाळवंट किंवा पांढरे ढग प्रकाश वर परतवतात. एलॉयच्या फिक्या मातीवर दुपारीही चेहरे सुसह्य येतात. गर्द हिरव्या जमिनीवर तो परतावा मिळत नाही, तिथे एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप वाढव. समोरच्याच्या किंचित खालच्या पातळीला राहिलीस तर चेहरा दिसतो आणि मागे निळं आकाश मिळतं. विमान कोणत्या दिशेने येणार हे पायलटला किंवा लोड ठरवणाऱ्याला आधीच विचार, म्हणजे दारातून निघताना सूर्य तुझ्या पाठीशी असेल की डोळ्यात, हे जमिनीवरच कळेल.

व्हिडिओचा कॅमेरा: कोणताही चांगला ॲक्शन कॅमेरा, ६० फ्रेम, स्टॅबिलायझेशन चालू, रुंदी मधली. त्यात मोठं शास्त्र नाही.

चार हजार मीटरवर जमिनीपेक्षा पंचवीस अंशांनी थंडी जास्त असते. बॅटरी त्यात लवकर मान टाकते, सुटी बॅटरी अंगाशी खिशात ठेव. दमट हवेच्या जागी, थायलंडमध्ये तर नेहमीच, थंड झालेली लेन्स खालच्या हवेत येताच धुरकटते आणि लँडिंगचे फोटो जातात. कॅनोपीखाली उतरताना लेन्स वाऱ्याला मोकळी राहू दे, आणि एक मऊ कापड हाताशी असू दे.

कॅमेऱ्याचा सूट, म्हणजे हात आणि कमरेमध्ये कापडी पंख असलेला, लगेच घेऊ नको. पंखांमुळे तू हळू पडू शकतेस आणि टँडमसोबत तो लागतो, पण त्याच पंखाचं कापड पायलट शूटच्या आणि कटअवेच्या हँडलवर येऊ शकतं. आधी हेल्मेटची सवय होऊ दे. सूट आल्यावर प्रत्येक हँडलला हात नेण्याचा सराव पुन्हा पहिल्यापासून, आधी जमिनीवर आणि मग एकट्याच्या उड्यांत.

विमानात हेल्मेट मांडीवर मोकळं ठेवू नको. टेकऑफला ते डोक्यावर किंवा पट्ट्यात अडकवलेलं हवं, नाहीतर अपघाती ब्रेक लागला तर ते समोरच्याच्या तोंडावर आदळेल. आणि कॅमेऱ्याची तपासणी ही रिगच्या तपासणीची जागा घेत नाही. १९८८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एक अत्यंत अनुभवी जंपर दुसऱ्यांची उडी चित्रित करायला विमानातून निघाला आणि त्याच्या पाठीवर पॅराशूटच नव्हतं. व्हिडिओचं जड यंत्र अंगावर होतं, ओझं जाणवत होतं. त्याने स्वतः चित्रित केलेली फीत मागे राहिली. म्हणून माझा क्रम कधीच बदलत नाही: दार उघडण्याआधी आधी तीन हँडल आणि छातीचा पट्टा, मग हेल्मेटचा कटअवे, आणि त्यानंतरच कॅमेरा चालू. कुणी मध्ये बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.

उंचीचं भान कॅमेऱ्यामुळे सर्वांत आधी सुटतं, कारण चौकटीत सुंदर काहीतरी चाललेलं असतं. कानात आवाज देणारा ऑडिबल लाव, पण मनगटावरचा अल्टिमीटरही बघ. सुरुवातीला ग्रुपच्या इतरांसारखीच पॅराशूट उघडण्याआधी दूर हो आणि त्यांच्याइतक्याच उंचीवर उघड. त्यांचं पॅराशूट उघडतानाचा फोटो हवासा वाटेल. तो क्षण फार वेगाने जातो, कारण ते ताशी १९० वरून काही सेकंदांत जवळजवळ थबकतात आणि तू तशीच खाली जात राहतेस. तो फोटो काढायला बाजूला, मोकळ्या हवेत असावं लागतं. उघडणाऱ्याच्या बरोबर वर कधीच नाही. टँडमच्या बाबतीत तर त्यांच्या वरच्या हवेत फिरकूच नको. तिथे त्यांचं ड्रोग (वेग आवरणारी छोटी छत्री) असतं आणि त्यांच्या अंगामागे हवेची पोकळी असते. त्या पोकळीत आलीस तर सरळ त्यांच्या अंगावर पडशील.

टँडमच्या घाईत पडू नको. पाहुणा अननुभवी, इन्स्ट्रक्टरवर दोघांची जबाबदारी, आणि तिसरी तू. त्याआधी चार जणांच्या फॉर्मेशन टीमसोबत उड. स्पर्धेत त्यांचा कॅमेरा फ्लायर हा टीमचा पाचवा सभासद असतो. ३५ सेकंदांत त्यांनी किती आकृत्या केल्या हे परीक्षक केवळ त्याच्या व्हिडिओवरून मोजतात. वरून, ठरलेल्या कोनातून, चौघं सतत चौकटीत ठेवायचे आणि त्यांच्या पोकळीत पडायचं नाही. हे ज्याला जमलं त्याला बाकी सगळं जमतं. एखादी सराव करणारी टीम फुकटात व्हिडिओ मिळतोय म्हटल्यावर आनंदाने घेईल.

पहिल्या काही उड्या कॅमेऱ्याशिवाय, तेवढंच वजन हेल्मेटवर लावून आणि तसंच गुळगुळीत टेप करून मार. मग कॅमेरा चढव, पण सोबत एकच अनुभवी जंपर असू दे आणि ठरवलेलं काम एकच: निघताना तो कुठे आहे आणि मी कुठे आहे. उड्या बसू लागल्या की लेन्स बदलायचा विचार कर.

तुझी फुल-फ्रेम बॉडी वाया जाणार नाही. विमानात चढणारे चेहरे, कॅनोपीखाली उतरणारी माणसं, लँडिंगनंतरची मिठी, हे सगळं जमिनीवरून तिच्याइतकं चांगलं दुसरं काहीच टिपणार नाही. त्या दिवशी उडी नसली तरी ड्रॉपझोनवर तुझ्याभोवती गर्दी होईल, आणि त्यातूनच पुढे तुला सोबत उडायला लोक मिळतील.

हेल्मेट मागवण्याआधी डोक्याचा घेर कपाळावरून, भुवयांच्या वर, तीनदा मोज आणि केसांची जी वेणी घालून उडतेस ती घालूनच मोज. भारतातून परत पाठवणं महागात पडतं. हेल्मेट आलं, बांधणी झाली की टेप कायमची चिकटवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून मला पाठव. कुठे लाइन अडकेल ते मी खुणा करून देईन.